वगळलेलं दार

जून लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मिठाईवाल्याची कढई दुपारपासूनच चढलेली असते. दिवाळीचं गिऱ्हाईक त्याला असतंच, पण त्याचा खरा हंगाम म्हणजे दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा. खवा भाजल्याचा वास रस्ता ओलांडून आमच्या जिन्यात शिरतो. कारखान्यांच्या बाजूने येणारा दुसरा वास, जो डोंबिवली पूर्वेच्या माणसाला आता वास म्हणून जाणवतही नाही, तो तेवढ्यापुरता मागे हटतो. लोकांच्या तोंडाला या खव्याने पाणी सुटतं. मी मात्र गेली बारा-तेरा वर्षं हा वास आला की इमारतीतली दारं मोजू लागतो.

यंदा त्यांत माझं स्वतःचं दार आहे. मुक्ता, माझी मुलगी, दहावीला बसली होती. परवा निकाल. परीक्षा संपल्यापासून ती गप्प आहे. जेवते, टीव्ही बघते, मैत्रीण आली तर गॅलरीत उभी राहून बोलते. पण आमच्याशी बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडते. माझी बायको सुनंदा म्हणते, "वयच आहे हो ते." असेलही. वयाचं असतं तसं दुसरंही काही असतं, आणि त्यांतलं कोणतं हे बाहेरून बघून कळत नाही. त्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न मी शेकडो मुलांना विचारला आहे, आणि कितीतरी शिक्षकांना विचारायला शिकवला आहे. घरात मात्र तो महिनाभर माझ्या ओठांवर येतो आणि मी म्हणतो, "पंख्याचा वेग कमी करू का गं?"

माझं काम काय, हे आमच्या नातेवाइकांना कधीच नीट समजलेलं नाही. सासरे विचारायचे, "म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात का?" मी म्हणायचो, "नाही, मी मोजणी करतो." "वेड्यांची?" यावर मी चहाचं बघायला उठत असे. खरं तर मी संख्याशास्त्राचा माणूस. तरुण मुलांना जीव नकोसा का होतो, त्याआधी काय काय होतं आणि तिथे कुणाचा हात पोचू शकतो, याचा अभ्यास करणाऱ्यांच्या सोबत मी आकडे सांभाळायला गेलो आणि तिथेच राहिलो. ते आकडे इथे देणार नाही. आकड्यांची जागा अहवालात असते, आणि अहवालाबाहेर ते लगेच गावगप्पा होतात.

सुरुवात झाली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. त्याआधी मी वस्तूंचे भाव नोंदवणाऱ्या एका कचेरीत होतो. तांदूळ, रॉकेल, खोबरेल तेल. तिथून ठाण्याला कोपरीत, एका जुन्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. कर्णिक बाई तिथल्या प्रमुख. त्या मनोविकारतज्ज्ञ, उंच, सुती साडी, पायात पुरुषी चपला. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शाळांतल्या दहावीच्या मुलांशी आम्ही बोलायचं, असं ठरलं होतं. झोप, भूक, घरचं वातावरण, मित्र असे पुष्कळ प्रश्न होते, आणि शेवटून दुसरा तो प्रश्न होता. जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?

कल्याणच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापकांनी कागद हातात घेतला आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, हा एवढा काढा. साप झोपलेला असताना त्याच्या शेपटीवर पाय कशाला द्यायचा?"

"झोपलाय हे तुम्हाला कसं कळलं, सर?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बघितलंत का वाकून?"

सरांनी आमच्यासाठी चहा मागवला. होकार द्यायला त्यांना पुढे आठवडा लागला. विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, मलाही होती. बाईंचं म्हणणं साधं होतं. ज्याच्या मनात नाही तो "नाही" म्हणतो आणि खेळायला जातो. ज्याच्या मनात आहे, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी दुसरी बाजू उचलून धरल्यासारखं होतं. एकट्याने कपाट हलवणाऱ्या माणसाला होतं ना, तसं.

पण प्रश्न विचारायचा कसा, हे त्यांनी आमच्याकडून फार घोटून घेतलं. महिनाभर रोज सकाळी आम्ही चौघं त्या खोलीत समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचो आणि एकमेकांना तो प्रश्न मोठ्याने विचारायचो. बाई पाठ करून उभ्या राहायच्या आणि फक्त आवाज ऐकायच्या. "मरून" या शब्दावर आला की प्रत्येकाचा आवाज खाली जायचा. देवळात किंवा दवाखान्यात जातो तसा. "पडला," बाई भिंतीकडे बघत म्हणायच्या. "परत." त्यांचं सांगणं होतं, "ताप आहे का, असं विचारतो ना आपण? तसं यायला हवं. तुमचा आवाज पडला की मुलाला कळतं, याला उत्तर ऐकायचं नाहीये. मग तो तुम्हाला सांभाळून घेतो. 'नाही' म्हणतो."

त्या खोलीच्या खिडकीखाली पारूबाई कोळीण मासळी घेऊन बसायची. एकदा आमचा हा पाठ जोरात चालला होता. माझ्यासमोरचा सहकारी चौथ्यांदा माझ्यावर ओरडल्यासारखा म्हणाला, "मरून जावं असं मनात येतं का?" तेवढ्यात खालून आवाज आला, "अरे, कोन मरतंय रं वर? मेल्यांनो, सकाल सकाल माजं गिऱ्हाईक पलवाल." बाई हसत हसत खिडकीशी गेल्या. "कोणी मरत नाही गं, पारू. शिकतोय." "काय, मराला शिकताव?" पारूबाई म्हणाली आणि बोंबील मोजू लागली. पण मला आठवतं, त्या दिवसानंतर आमचे आवाज पडायचे थांबले. एवढ्या जाहीरपणे बोलला गेलेला शब्द मग तसा घाबरवेना.

बाईंचा दुसरा नियम माझ्या शास्त्राच्या आड येणारा होता. शाळेच्या पटावरून आम्ही नावं निवडायचो. निवडलेला मुलगा गैरहजर असला तर पटावरचा पुढचा नंबर घ्यायचा, असं मी शिकलो होतो. भाव नोंदवणाऱ्या कचेरीत तेच चाले. या दुकानात रॉकेल नसलं तर शेजारच्या दुकानात. बाईंनी ते उडवून लावलं. "रॉकेल नसेल तर दुसरीकडे घ्या. पण ज्याला विचारायला हवं तोच शाळेत येत नसेल, तर त्याच्या जागी आलेल्याला विचारून काय करणार तुम्ही?" म्हणजे गैरहजर मुलाच्या घरी जायचं. तो सापडेपर्यंत जायचं.

असाच मी विठ्ठलवाडीला गेलो होतो, शोभा नावाच्या मुलीसाठी. रेल्वेच्या पलीकडे चाळवजा घरांच्या रांगा. तिची मावशी एका सिंधी बाईसाठी पापड लाटायची, आणि शोभा परीक्षा तोंडावर असताना शाळा सोडून तिच्याशेजारी पोळपाट घेऊन बसलेली. मावशीने मला शाळेचा वसुली कारकून समजून आधी झापलं. मग मी ओट्यावर बसलो. शोभाने लाटणं थांबवलं नाही. सगळी उत्तरं तिने पापडाकडे बघत दिली. त्या प्रश्नालाही "नाही" म्हणाली, आणि ते खरं होतं. नुसता थकवा होता तो. मी उठलो तेव्हा तिने विचारलं, "सर, तुम्ही माझ्याच साठी आलेलात? डोंबिवलीवरून?"

"हो."

"बाकीच्या पोरी शाळेत होत्या ना?"

"होत्या."

तिने पुढची लाटी घेतली. दोन दिवसांनी ती शाळेत आली, असं तिच्या वर्गशिक्षिकेने मला पुढे सांगितलं. माझ्यामुळे आली असं मी म्हणणार नाही. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणं माझ्या धंद्यात बसत नाही. पण तिचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. माझ्याच साठी आलेलात?

त्याच वर्षीचा जून. मी म्हणतो तो हंगाम हाच.

आमच्या इमारतीत तेरा बिऱ्हाडं. तीन मजल्यांवर चार-चार, आणि तळमजल्यावर मढवी आजींचं एक. जमीन मूळची त्यांची. भातशेती गेली, तिच्यावर आमचे फ्लॅट आले, आणि आजींनी मोबदल्यात मिळालेल्या घराच्या दारात जिन्याशी खुर्ची टाकली ती कायमची. त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय कुणाला वर जाता येत नसे, आणि विचारपूस झाल्याशिवाय त्या जाऊ देत नसत. निकालाच्या दिवशी त्या खुर्चीची सगळ्या मुलांना धास्ती.

त्या वर्षी इमारतीतून दोघं दहावीला होते. दुसऱ्या मजल्यावरच्या देसायांची माधवी, आणि आमच्या समोरच्या दारातला विनय साटम. साटम रसायनांच्या कारखान्यात पाळीवर जायचे. विनय उंच, हाडकुळा. क्रिकेटमध्ये यष्टीमागे उभा राहायचा. आमची मुक्ता तेव्हा तीन वर्षांची. त्याच्या पाठीवर बसून ती जिना चढायची आणि त्याला "विनू घोडा" म्हणायची.

निकालाच्या संध्याकाळी मी कोपरीहून घरी आलो, चहा घेतला, आणि देसाई वहिनी क्रोशाच्या रुमालाखाली पेढ्यांची ताटली घेऊन आल्या. मागे माधवी, नवा ड्रेस घालून. आम्ही तिचं कौतुक केलं. ताटलीत किती पेढे उरलेत आणि किती घरं झालीत हे मी सवयीने बघितलं. आम्हाला देऊन झाल्यावर ताटली रिकामी झाली. आमचं अकरावं, शेवटचं घर, असं वहिनीच म्हणाल्या. देणाऱ्याचं एक सोडलं तरी बारा व्हायला हवीत.

"साटमांकडे?" मी विचारलं.

देसाई वहिनींनी सुनंदाकडे बघितलं. "त्यांच्याकडे कुलूप आहे ना. गावी गेलेत वाटतं."

"हो, गेलेत," सुनंदा म्हणाली.

त्या गेल्यावर मी समोर बघितलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. पण दाराशेजारच्या दोरीवर विनयचा शाळेचा शर्ट वाळत होता, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिळ्याला, गुलाबी नाडी बांधलेली साटमांची किल्ली लटकत होती. ही किल्ली आमच्याकडे गणपतीला ते कोकणात गेले की यायची, झाडांना पाणी घालायला.

"साटम वहिनींनी दुपारी दिली," सुनंदा हळू आवाजात म्हणाली. "विनयचे दोन विषय गेलेत. गणित आणि इंग्रजी. तो वर कसा आला ते त्यालाच माहीत. आजी तेवढ्यात आत गेल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, बाहेरून लावून घ्या, हे पाळीवरून आले की उघडा. कोण कोण येऊन विचारत बसणार."

"म्हणजे आत आहेत दोघं?"

"हळू बोला ना."

"कोणी बोललं का त्याच्याशी?"

"कसं बोलणार? वाईट वाटेल त्याला." आणि मग, माझा चेहरा बघून, "पेढे नाही दिले तेही बरंच झालं. कुणाच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं?"

आमच्या सगळ्या इमारतीत दुष्ट माणूस एकही नव्हता. बारा घरांनी सौजन्य म्हणून एक दार वगळलं होतं. देसाई वहिनींनी वाईट दिसू नये म्हणून वगळलं, सुनंदाने शब्द दिला म्हणून, बाकीच्यांनी आपल्याला काही माहीतच नाही असं दाखवून. आणि या सगळ्या चांगुलपणाची बेरीज अशी, की एक सोळा वर्षांचा मुलगा दुपारपासून पंखा न लावता अंधारात बसला होता. त्याच्या नावापुढे आम्ही गैरहजर लिहून पुढचा नंबर घेतला होता.

मी खिळ्यावरची किल्ली काढली. सुनंदा म्हणाली, "अहो, त्यांनी शपथ घातलीय." मग स्वतःच मुक्ताला कडेवर घेतलं, आमच्या वाटणीचे दोन पेढे वाटीत घातले, आणि माझ्यामागे आली.

आत अंधार होता. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या. आम्हाला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. विनय पलंगाला टेकून जमिनीवर बसला होता. सुनंदाने दिवा लावला. मुक्ता खाली उतरून सरळ त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिने वाटीतला पेढा खायला सुरुवात केली.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. काय झालं, कसं झालं, ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं. कोपरीच्या खोलीतली खुर्ची आठवली, बाईंची पाठ आठवली.

"विनय, जगणं नकोसं वाटतंय का? मरून जावं असं मनात येतंय?"

"अहो भाऊजी, असलं अभद्र काय विचारता?" वहिनी उठून उभ्याच राहिल्या. सुनंदाने त्यांचा हात धरला.

विनय माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं. एखाद्याने आपलं नाव बरोबर उच्चारावं आणि आपण ओ द्यावी, तसं काहीतरी होतं.

"येतंय," तो म्हणाला. "दुपारपासून. तसं आधीपासूनच. प्रिलिमनंतर."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? कोणी विचारलंच नाही."

मग तो बोलत राहिला. बाईंनी शिकवलं होतं, घाबरायचं नाही, उपदेश करायचा नाही, उठून जायचं नाही. तिन्ही गोष्टी मी कशाबशा पाळल्या. तो बोलला त्यातलं जे त्याचं आहे ते मी इथे लिहिणार नाही. त्यात गणित फार थोडं होतं एवढं सांगतो. वहिनी हळूहळू खाली बसल्या, मग सरकत सरकत त्याच्या शेजारी आल्या. मुक्ताने दुसरा पेढाही खाऊन टाकला.

तेवढ्यात साटम आले. दार उघडं, दिवा लागलेला, घरात माणसं. ते दारातच थांबले. अंगाला कारखान्याचा वास. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवून त्यांनी ताडलं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस काय बोलतो यावर पुष्कळ आहे.

"जेवलायस का रे?" साटम म्हणाले.

विनयने मान हलवली. नाही.

"मग काय उपास धरलास? चल, मीपण नाही जेवलो."

जिन्यात मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आज त्याला एकटं सोडू नका, आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर कोपरीला चला, बाईंकडे. साटम ऐकत होते. "उद्या पहिली पाळी आहे," ते म्हणाले, आणि मग लगेच, "जाऊ दे. येतो." आम्ही निघालो तेव्हा वहिनी दाराशी आल्या. सवयीनेच म्हणाल्या, "जाताना बाहेरून लावून घ्या हां."

आतून विनयचा आवाज आला. "आई, कुलूप नको. मी काय चोर आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. खुर्ची होतीच. मढवी आजींनी विनयला वरपासून खालपर्यंत बघितलं. साटमांनी माझ्याकडे बघितलं.

"काय रं इनय, नापास झालास ना?"

"हो, आजी."

"कती इषयान?"

"दोन."

"दोनच? आमचा बाल्या सगल्यान झालेला. आता दोन ट्रक हायेत त्याचे." मग बाजूला ठेवलेल्या तांदळाच्या गोणीकडे बोट दाखवून, "जरा आत न्हेऊन ठेव ती. माजी कंबर धरलीय. नापास झालास तं हात नाय मोडले तुजे."

विनयने गोणी उचलून आत ठेवली. बाहेर आला तेव्हा हसत होता. पूर्ण नाही, एका बाजूने. ज्या एका शब्दासाठी आम्ही दाराला कुलूप लावलं, तो शब्द आजींनी जिन्यात सगळ्यांदेखत उच्चारला होता, आणि इमारत जागच्या जागी उभी होती.

विनय वर्षभर कोपरीला येत राहिला. आधी दर आठवड्याला, मग महिन्याने. ऑक्टोबरला त्याचं इंग्रजी सुटलं, गणित राहिलं. मार्चला तेही सुटलं. मधल्या काळात दोनदा तो पुन्हा खोल गेला, आणि दोन्ही वेळा त्याने स्वतः येऊन आमचं दार वाजवलं. मी हे मुद्दाम लिहितो. एका संध्याकाळीत कुणी बरं होत नाही. त्या संध्याकाळी फक्त दार कुठे आहे हे त्याला कळलं. आता तो कल्याणला आहे. फ्रीज आणि पाण्याचे कूलर दुरुस्त करतो, आणि स्वतःच्या मुलीला पाठीवर घेऊन जिना चढतो.

देसाई वहिनींनी पुढच्या जूनला, कुणी न सांगता, तिसऱ्या मजल्यावर नापास झालेल्या मुलाच्या घरी पहिली ताटली नेली. "आमच्याकडे काही नाही यंदा, पण पेढे खावेसे वाटले," म्हणाल्या. नंतर तो आमच्या इमारतीचा रिवाज झाला. नव्वदीत मी शाळाशाळांतून पालकांपुढे बोलू लागलो तेव्हा ठाण्यापासून बदलापूरपर्यंत हाच किस्सा सांगितला, नावं बदलून. बाई निवृत्त झाल्या, कोपरीच्या त्या माडीच्या जागी मोठी इमारत आली. नवी मुलंमुली माझ्याकडे शिकायला येऊ लागली. जागा नसायची म्हणून रविवारी मी त्यांना घरीच बोलवायचो. गॅलरीत समोरासमोर खुर्च्या टाकून ती तो प्रश्न घोटायची, आणि मी बाईंसारखा पाठ करून उभा राहून म्हणायचो, "पडला. परत." मुक्ता आत गृहपाठ करत असायची.

तर परवा निकाल. आज दुपारी खव्याचा वास आला. सुनंदा बहिणीकडे गेली होती. मुक्ता गॅलरीत त्याच खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. मी तिथे गेलो, पंख्याचं काही बोललो नाही. दुसरी खुर्ची ओढून समोर बसलो.

"मुक्ता, तुला कधी जगणं नकोसं वाटतं का गं? मरून जावं असं येतं मनात?"

तिने माझ्याकडे बघितलं. खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"पडला, बाबा," ती म्हणाली. "परत."

तिथून उठून पाणी प्यावंसं वाटलं. उठलो नाही. पुन्हा विचारलं. ताप आहे का, तसं.

"एकदा वाटलेलं," ती म्हणाली. या वेळी वाक्य अर्ध्यावर सुटलं नाही. "भूमितीच्या पेपरनंतर. दोन दिवस. सगळं संपलं असंच वाटलं. मग कमी झालं. आता तसं नाहीये, खरंच. पण भीती वाटते, परवा परत आलं तर?"

"आलं तर सांगशील?"

"तुम्ही विचारत नव्हता ना. सगळ्या गावाला विचारता. मला वाटलं, घरी विचारायचं नसतं."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली. ती बोलत राहिली; भूमितीबद्दल, एका मैत्रिणीबद्दल, तिला कॉमर्सला जायचंय आणि मला ते आवडणार नाही असं तिला वाटतं, त्याबद्दल. ऊन गॅलरीतून निघून गेलं. सुनंदा आली तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. तिने पर्स ठेवली, काही न विचारता तिसरी खुर्ची आणली.

संध्याकाळी मी आणि मुक्ता खाली उतरलो. मढवी आजींची खुर्ची आता त्यांची सून चालवते. मिठाईवाल्याने कढईवरून मान वर केली. "लागला का निकाल?"

"परवा आहे," मी म्हटलं.

"मग पेढे आजच?"

"निकालाचे नाहीत. पेपर दिले त्याचे."

तो हसला, खोका भरू लागला. परतताना जिन्यात मुक्ता बोटांवर दारं मोजत होती. साटम, देसाई, खालचं मढवींचं, वरची चार. "बारा घरं," ती म्हणाली. "आणि तुम्ही तेराचे घेतलेत. हिशेब चुकला, बाबा."

वाटणाऱ्याचं दार कधी कुणी मोजत नाही. इतकी वर्षं मीही मोजलं नव्हतं.

"नाही चुकला," मी म्हटलं. "आधी आपल्याकडून सुरुवात कर."